शिंपल्यांना ऊन

पिंगळीत बबितासारखी गुणी पोरगी नाही, असं सगळी आळी म्हणायची, आणि ते काही उगाच नव्हतं. सावत्र आई घरात आली की पोरी कशा वागतात हे आळीने पाहिलेलं होतं. कोणी भांडी आदळतं, कोणी अबोला धरतं, कोणी मामाच्या गावाला जाऊन बसतं. बबिताने यातलं काही म्हणजे काही केलं नाही. सुमनबाई लग्न होऊन घरात आल्या त्या दिवसापासून तिने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं.

घरातली एकुलती एक खुर्ची सुमनबाईंची झाली. समोरची हवेशीर खोली, नवी चादर, आवाज न करणारा पंखा, सगळं त्यांच्याकडे गेलं. बबिता आणि तिचे बाबा स्टीलच्या पेल्यात चहा प्यायचे, सुमनबाईंना मात्र फुलाफुलांच्या, कान असलेल्या कपात मिळायचा. आणि जेवणं झाली की सुमनबाई आपलं ताट उचलायला वाकायच्या, तोच बबिताचा हात पुढे आलेला असायचा.

"ऱ्हाऊ द्या. मी उचलते."

आता ताटाचं असं असतं, की पाहुण्याने आपलं ताट उचलायचं नसतं. त्याला ते उचलू देणं म्हणजे घरच्यांची अब्रू गेली. घरचा माणूस मात्र आपलं ताट आपण मोरीत नेतो, घासतो, विसळतो आणि मांडणीत लावतो. या घरात तर बबिताचे बाबा नागनाथराव रेल्वेत नोकरीला होते तेव्हापासून स्वतःचं ताट स्वतः घासत आलेले. आठ-नऊ महिने झाले, त्या घरात एकच ताट दुसऱ्याच्या हाताने उचललं जात होतं. आळीला त्याचं फार कौतुक. सुमनबाईंना काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याही सांगत नव्हत्या.

बबिताची माय, गीताबाई, जाऊन पाच वर्षं झाली होती. ती गेली आणि नागनाथरावांचं बोलणंच आटलं. रिटायर माणूस, दिवसभर ओट्यावर बसायचा आणि घरासमोरच्या रुळांवरून गाडी गेली की मनगटावरच्या घड्याळात बघायचा. "पॅसेंजर लेट हाय," एवढंच त्याच्या तोंडून निघायचं. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. बबिताने भाज्या बदलून पाहिल्या, मोबाईलवर गाणी लावून पाहिली, रागावूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या नागेशने, तिच्या भावाने, बाबांसाठी चुडाव्याचं स्थळ काढलं. सुमनबाई तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, सगळी उमर भावाच्या घरी भाकरी थापण्यात गेलेली. विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन साधं लग्न लागलं. लग्नाची पांढरी साडी बबितानेच परभणीला जाऊन पसंत केली होती.

आणि औषध लागू पडलं हो. महिन्याभरात नागनाथराव अंघोळ करताना भीमगीतं गुणगुणायला लागले. शेंगदाण्याची चटणी मागायला लागले. बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन स्वतः निघायला लागले. बबिताला याचा आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण त्याच आनंदात एक कुसळ होतं. माय असताना बाबा असेच गुणगुणायचे. आता ते दुसऱ्या कोणासाठी गुणगुणत होते, आणि घरात सगळं मायच्या वेळी होतं तसंच दिसत होतं, एक माय सोडून. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर आपण वाईट ठरू, ही तिला भीती होती. म्हणून ती आणखी गोड वागायची.

सुमनबाईंनी सुरुवातीला कामात शिरायचा प्रयत्न केला होता. एकदा त्यांनी सकाळी भाकरी केल्या. पातळ, गोल, पापुद्रा सुटलेल्या. बबिताने इतकं कौतुक केलं, इतकं कौतुक केलं, की त्या बिचाऱ्या लाजल्या. दुसऱ्या दिवशी त्या उठायच्या आत बबिताने भाकरी करून टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. "तुमी कशाला तरास घेताव? आयुष्यभर केल्यात की. आता बसा निवांत." बोलणं सगळं खरं होतं, मधासारखं होतं, आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मिठाचा डबा कुठला आणि हळदीचा कुठला, हेसुद्धा सुमनबाईंना ठाऊक नव्हतं. लागलं तर विचारायचं, आणि विचारलं की बबिता स्वतः उठून आणून द्यायची. त्या तिला "बबिताताई" म्हणायच्या. ती त्यांना काहीच म्हणायची नाही. नुसतं "ऐकलं का" म्हणून भागवायची.

बबिताचा खरा जीव होता शेततळ्यात. गावापासून थोड्या अंतरावर त्यांचं शेत, त्यात हे तळं, आणि तळ्यात शिंपले. बीएस्सीला तिचा विषय प्राणिशास्त्र होता. शिकून घरी बसण्यापेक्षा तिने मोत्यांच्या शेतीचं प्रशिक्षण घेतलं आणि नदीतले शिंपले आणून तळ्यात सोडले. आळीतल्या लोकांना पहिल्यांदा फार मजा वाटली होती. "नागनाथची पोरगी शिंपल्याचं आपरेशन करायलीय म्हणे," असं म्हणत लोक बघायला यायचे. ती खरोखरच ऑपरेशन करायची. शिंपला लाकडी स्टँडवर आडवा धरायचा, बोटाच्या पेरापेक्षाही कमी उघडायचा, आतलं मऊ अंग हलक्या हाताने कवचापासून सोडवायचं आणि मध्ये एवढासा ठसा सरकवायचा. तिचे ठसे बुद्धाचे होते, ध्यानाला बसलेले. मग शिंपला जाळीच्या पिशवीत घालायचा, पिशव्या दोरीला बांधायच्या, दोरी रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनांवर तरंगत ठेवायची. पुढचं काम शिंपल्याचं. वर्ष-दीड वर्ष तो त्या ठशावर थर चढवत बसतो, आणि बुद्धाच्या आकाराचा मोती तयार होतो.

तळ्याचं पाणी ती मुद्दाम हिरवं ठेवायची, शेणपाणी सोडून. शिंपल्याचं अन्न त्या हिरव्यातच असतं. नव्या माणसाला वाटायचं, पोरगी आळशी आहे, तळं साफ करत नाही.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी जेवताना ती बाबांना म्हणाली, "तिसऱ्या दोरीच्या शिंपल्यांत किडे दिसायलेत. दोन उघडून बघितले. बारीक बारीक हायत, अंगाला चिकटलेले."

"मग काही औषध टाकायचं का?" नागनाथरावांनी विचारलं.

"औषध टाकलं तर शिंपलेच मरतील. त्येंचं ते बघून घेतात. पण जास्त झाले तर अशक्त होतात. बघू."

सुमनबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचं जेवण झालं, बबिताने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी बबिता नव्या दोऱ्या आणायला परभणीला गेली आणि नागनाथराव तिला स्टेशनवर सोडून तिकडेच जुन्या सोबत्यांत गप्पा मारत बसले. सुमनबाई घरात एकट्या उरल्या. करायला काही नव्हतं. घर झाडलेलं होतं, भाकरी झाकलेल्या होत्या, पाणी भरलेलं होतं. तेव्हा त्यांच्या मनात आलं, की या पोरीचं एखादं काम आपण तिच्यामागे करून टाकावं. समोर असली की ती करू देत नाही.

आणि काय करायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. धान्यात किडे झाले तर काय करतात हे काय कोणाला शिकवावं लागतं? जोंधळा असो, तूर असो, डाळ असो, अंगणात पसरून ऊन दाखवायचं. किडा आपोआप चालू लागतो. चुडाव्याला भावाच्या घरी त्यांनी किती पोती धान्याला ऊन दाखवलं असेल त्याला गणती नव्हती. शिंपला पाण्यातला जीव आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण लहानपणी पूर्णा नदीतून टोपलीभर जिवंत शिंपले घरी आणलेले त्यांनी पाहिले होते. ते दुसऱ्या दिवसापर्यंत मजेत राहायचे, गच्च मिटून. मग घटकाभर उन्हाने काय होणार आहे?

त्या शेतात गेल्या. तिसरी दोरी काठावर ओढली, पिशव्या सोडवल्या, एकेक शिंपला काथ्याने घासून त्याचं शेवाळ काढलं. काळे, चकचकीत दिसायला लागले शिंपले. बांधावर आपली जुनी साडी अंथरून त्यांनी ते ओळीने मांडले. कडेला दोन पिशव्या होत्या, त्यांतले शिंपले मांडायला साडीवर जागा नव्हती म्हणून त्या लिंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवल्या. मधेमधे साडीवर पाण्याचा हबका मारला. शिंपले मिटलेलेच होते, म्हणजे ठीक होते. सावलीत टेकल्या. पहाटेपासून न केलेल्या कामाचा शीण मोठा असतो, आणि केलेल्या कामाची झोप गोड असते. त्यांचा डोळा लागला.

परभणीचं एप्रिलचं ऊन काय असतं हे सांगायला नको.

बबिता परतली तेव्हा दिवस कलला होता. स्टेशनवरून ती आणि नागनाथराव थेट शेतात आले, दोऱ्या ठेवायला. बांधावर सुमनबाई उभ्या होत्या. साडीवर शिंपले ओळीने पसरलेले, आणि त्यातले बहुतेक उघडे. जिवंत शिंपला असा उघडा पडत नाही, हे सुमनबाईंनाही एव्हाना कळलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी ऊन दाखवायला गेले, बबिताताई," त्या म्हणाल्या. "किडे जावेत म्हणून."

बबिताने पाहिलं. काठापासून तिसरी असली तरी ही दोरी तिची पहिली होती. प्रशिक्षणावरून आल्यावर तिने सगळ्यात आधी भरलेली. ओरडायला तिने तोंड उघडलं. आणि मग, तिचं तिलाही कळलं नाही, तोंडावर नेहमीचं हसू आलं.

"असू द्या," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी. तुमी मनाला लावून घेऊ नका. उन्हात बसून त्रास तर नाही ना झाला?"

 सुमनबाईंना शिव्या चालल्या असत्या. नागनाथरावांनी मान खाली घातली आणि सावलीतल्या पोत्याखालच्या पिशव्या उचलून पाण्यात सोडायला गेले. तेवढ्या वाचल्या होत्या.

मेलेले शिंपले तसेच टाकून चालत नाहीत, वास सुटतो. बबिता पाटी घेऊन सावलीत बसली आणि एकेक उघडून ठसे काढायला लागली. सुमनबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. "तुमी जा घरी, थकला असाल," बबिता म्हणाली, पण या वेळी त्या उठल्या नाहीत. कवचाच्या आत बुद्ध दिसत होते, अर्धेमुर्धे, पातळ थराखाली, कुठे नाक उमटलेलं, कुठे मांडी. अजून सहा-आठ महिने मिळाले असते तर पुरते झाले असते.

एका शिंपल्यात मात्र ठसा नव्हता. तो त्याने केव्हाच बाहेर टाकून दिला असणार. त्याच्या जागी कडेला, मऊ अंगात, ज्वारीच्या दाण्याएवढा एक वेडावाकडा मोती होता. बबिताने तो चिमट्याने काढून तळहातावर घेतला.

"ह्यो काय?" सुमनबाईंनी विचारलं.

"मोतीच हाय. पण आपण घातलेल्या ठशाचा न्हाई. याचा यानं केलाय. आत किडा असणार."

"किडा? त्येचा मोती?"

आणि बबिताने सांगितलं. शिकवायला मिळालं की तिचा आवाज नेहमी मोकळा व्हायचा, तसा आत्ताही झाला. "याला हात न्हाईत ना, की किडा चिमटीत धरून फेकून द्यावा. म्हणून हा आधी झडप मिटून घेतो. तरीबी आत शिरलाच, तर अंगातून चिकट सोडतो, त्यात गुंडाळून भाईर ढकलतो. लहान असला तर याच्या रक्तातल्या पेशी चारी बाजूंनी जमतात आन खाऊन टाकतात. त्यातूनबी जो उरला, ज्याला काही केल्या काढता येत न्हाई, त्याच्यावर मग हा आपल्या कवचाच्या आतला थर चढवतो. हा बघा, हा चकचकीत. एकावर एक, एकावर एक, टोचायचं थांबेपर्यंत."

"आन किडा?"

"आत मरून जातो."

तिने मोती चिमट्यात दाबला. तो कुरकुरून फुटला. दोन शकलांच्या मध्ये तपकिरी ठिपका होता, मोहरीहूनही बारीक. सुमनबाईंनी एक शकल बोटावर घेतलं, उजेडाकडे धरलं, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"किती साफ केलाय वरून," त्या म्हणाल्या. "कुटं म्हणून खरखर न्हाई."

मग शकल उलटं करून म्हणाल्या, "लय इज्जतीनं पुरलंय बिचाऱ्याला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या किड्याबद्दलच बोलत होत्या. बबिताचा हात मात्र पाटीवर थांबला.  तेवढ्यात सुमनबाईंनी ते शकल पुन्हा तिच्या तळहातावर ठेवलं आणि पदर सावरला.

"उंद्या सकाळच्या गाडीनं चुडाव्याला जाऊन यावं म्हणते. भावाकडं. चार दिस."

चार दिवस म्हणजे किती, हे दोघींनाही कळलं होतं. पण तोंडाला गोड बोलायची सवय लागलेली असते. "जा की," बबिता म्हणाली, "मी सोडते तुमाला स्टेशनला."

संध्याकाळी नागनाथराव ओट्यावर बसले होते. बबिता त्यांना चहा द्यायला बाहेर आली. त्यांनी पेला घेतला, पण प्यायले नाहीत.

"मागच्या पावसाळ्यात शेजारच्या तात्यारावची म्हस माझ्या हातून सुटून तळ्यात उतरली व्हती," ते म्हणाले. "आठवतंय का?"

"आठवतंय की."

"तवा तू मला काय काय बोलली व्हतीस. सगळ्या आळीनं ऐकलं. म्हातारपणी अक्कल गेली म्हणलीस. दोन दिस भाकर वाढली ती आपटून वाढलीस."

बबिता हसली. "मग काय करू? चार पिशव्या तुडवल्या तिनं."

"आज तर सगळी दोरीच गेली. तिला का न्हाई बोललीस?"

"त्यांना कसं बोलायचं, बाबा? त्या..."

"त्या काय?"

पाहुण्या आहेत, हा शब्द बबिताच्या जिभेवर आला होता. तो तिथेच राहिला.  नागनाथरावांनी पेला खाली ठेवला, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि रुळांकडे बघत म्हणाले, "उंद्याची पॅसेंजर येळेवर हाय का बघावं लागंल."

तो आवाज बबिताने ओळखला. चार वर्षं तिने तोच ऐकला होता.  हा माणूस पुन्हा ओट्यावर बसणार, गाड्या मोजणार, वाढलं तर जेवणार, आणि आळी म्हणत राहणार की बबितासारखी गुणी पोरगी नाही. बाईला घालवलं आपणच, आणि आपल्या अंगावर एक ओरखडा नाही. तिला स्वतःची लाज वाटली. ती आत गेली तेव्हा सुमनबाई कानाचा कप फडक्याने पुसून फळीवर ठेवत होत्या. ठेवताना अगदी हळू ठेवत होत्या, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

सकाळी सुमनबाईंनी कापडी पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली. चादर घडी करून, उशी वर मांडून ठेवली. नागनाथराव कपडे करून अंगणात उभे होते, हातात घड्याळ नसल्यासारखे सारखे मनगट चाचपत. बबिताने दोघींची ताटं वाढली.  सुमनबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली, पाणी प्यायल्या, आणि सवयीने ताटाकडे वाकल्या. बबिताचा हातही सवयीने पुढे गेला.

तो ताटाच्या कडेला लागला आणि तिथेच अडला.

सुमनबाईंनी वर पाहिलं. बबिताने हात मागे घेतला. आणि मग जे कालपासून गिळून ठेवलं होतं ते बाहेर आलं.

"कोणी सांगितलं होतं तुमाला?" ती म्हणाली. "शिंपले काय जोंधळे हायत का, ऊन दाखवायला? एकदा विचारायचं तर होतं मला. फोन होता घरात. पहिली दोरी होती ती माझी. पहिली. बुद्धाचं एकेक नाक यायलं होतं नुसतं, आन तुमी वाळवण घातल्यागत घातले ते बांधावर. आन वरून झोपलाव!"

अंगणात नागनाथरावांची चप्पल वाजायची थांबली.

सुमनबाई ताटावर वाकलेल्याच होत्या. त्या हळूहळू सरळ झाल्या. त्यांच्या तोंडावर काल दिसलेला पांढरेपणा नव्हता. उलट कान लाल झाले होते.

"विचारायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "कोनाला विचारू? तू बोलू देतीस का मला? आठ म्हैने झाले या घरात, मिठाचा डबा कुटला ते ठावं न्हाई मला. मुकी भावली आणून बशिवल्यावानी बशिवलंस खुर्चीत. चुलीला हात लावू देत न्हाईस, झाडू धरू देत न्हाईस. भावाच्या घरी राबले, पर तितं कुनी माझं ताट न्हाई उचललं गं. तितं मी घरची व्हते."

"मग मी वाईट वागले का तुमच्याशी? एक शब्द बोलले का?"

"त्येच तर म्हणायले. एक शबुद बोलली न्हाईस."

बबिता खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडताच बोलत होती, आणि बोलणं काही सलग नव्हतं. मायचं नाव येत होतं, भीती येत होती, बाबा गुणगुणतात ते येत होतं. मी भांडले असते तर लोक म्हणाले असते, सावत्र म्हणून छळते. म्हणून मी नाहीच भांडले. आणि तुम्ही इतक्या चांगल्या निघालात, की रागवायला कारणही मिळेना. काल मिळालं तर तेही गिळलं. सुमनबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, तिला जवळही घेतलं नाही. तिचं संपेपर्यंत उभ्या राहिल्या, घरातल्या मोठ्या बायका राहतात तशा, एक हात कमरेवर ठेवून.

"झालं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाई झालं," बबिता नाक पुसत म्हणाली. "दुसऱ्या दोरीतबी किडे असतील तर? ती कोण बघणार? एकटीनं एवढे शिंपले होतेत का माझ्याच्यानं? आन ते घासायचे नसतेत, शेवाळ राहू द्यायचं असतं थोडं. ते शिकावं लागंल."

"शिकव मग."

"शिकवते. आधी ताट उचला तुमचं. हितं कोण बसलंय तुमचं ताट उचलायला?"

 सुमनबाईंनी वाकून ताट उचललं, त्यातल्या वाटीत पेला ठेवला आणि मोरीकडे गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला.

"गाडी यायलीय बरं का," अंगणातून नागनाथराव म्हणाले. खरंच मिरखेलवरून चुडाव्याला जाणारी पॅसेंजर लांबून शिट्टी देत होती. मोरीतला नळ वाजतच होता. त्यांनी उंबऱ्याशी येऊन पिशवी उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि आत नेऊन खाटेखाली सरकवली.

"घासणी कुटं हाय?" मोरीतून सुमनबाईंनी विचारलं.

"डाव्या हाताला. दिसत न्हाई का?"

"दिसली, दिसली. वरडू नको."

बबिताने ओढणीने तोंड पुसलं आणि आपलं ताट घेऊन मोरीशी गेली. सुमनबाई उकिडव्या बसून घासत होत्या, एका ताटाला लागतो त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ, पाठीमागूनसुद्धा, कडेकडेने. बबिताने आपलं ताट हळूच त्यांच्यापुढे सरकवलं. सुमनबाईंनी ते ओल्या हाताने तिच्याकडे परत ढकललं.

"तुजं तू घास," त्या म्हणाल्या. "हितं कोनी पाव्हनं न्हाई."

बबिता त्यांच्या शेजारी बसली आणि तिने घासणीकडे हात पुढे केला.